पहिलीची सही

वणी, जि. यवतमाळ

चि. छोटीस,


तुझ्याकडे आलेल्या त्या बाईची हकीकत ऐकल्यापासून चैन नाही. नवऱ्याने स्टॅम्पपेपरवर तिची संमतीची सही घेतली, दुसरी घरात आणली आणि गावची जाणती माणसे तिलाच ऐकवतात, ‘राजेलोकं नव्हते का करत दोन-दोन? अन् तू तं सईबी केली!’ राजांचा दाखला द्यायचाच, तर पुरता द्यावा.

जर्मनीतल्या हेसेचा संस्थानिक फिलिप हा ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा मोठा आधार. पत्नी क्रिस्टिने हयात असताना त्याला मार्गारेटे नावाच्या दुसऱ्या स्त्रीशी लग्न करायचे होते. बायबलातल्या जुन्या कुलपुरुषांना अनेक बायका होत्या, या आधारावर ल्यूथर, मेलांख्थोन आणि बुत्सर या धर्मपंडितांनी डिसेंबर 1539 मध्ये संमती दिली, मात्र वाच्यता न करण्याच्या अटीवर. क्रिस्टिनेचीही लेखी संमती घेतली होती. आपल्या मुलांचा वारसा तेवढा तिने राखून घेतला. 4 मार्च 1540 ला लग्न लागले आणि थोड्याच दिवसांत बोभाटा झाला. जर्मनी ज्या साम्राज्यात होती, त्याच्या कायद्यात दोन बायका करण्याच्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा होती. फिलिपला सम्राटापुढे नमावे लागले आणि सुधारकांची बाजू लंगडी पडली. जे धर्मसंमत होते, ते लपवायचे कशाला, याचे उत्तर त्या पंडितांपाशी नव्हते.

मराठी राजघराण्यातही हेच घडले. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी 1931 मध्ये तिथल्या हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. पुढे तिथे दुसऱ्या लग्नालाही बंदी आली. त्यांचेच नातू, पुढचे महाराज प्रतापसिंहराव यांनी महाराणी शांतादेवी असताना 1943 मध्ये सीतादेवींशी लग्न केले. सीतादेवींनी आधीचे लग्न मोडण्यासाठी इस्लाम स्वीकारला आणि नंतर त्या पुन्हा हिंदू झाल्या. राज्यातल्या बंदीचे काय? ती प्रजेला, राजाला नाही, असा युक्तिवाद झाला.

आपल्याकडे प्रजेलाही ती बंदी नव्हती. मुंबई प्रांतात 1946 मध्ये कायदा झाला, पण यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. इथल्या बायकांना 1955 च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावे लागले. तोवर माझ्या आजीच्या घरात दोन चुली पेटत. दाणा-तेलाच्या कोठीची किल्ली धाकटीच्या कमरेला, आणि थोरली रोजचे पीठही मागून घेई. तिलाही विचारले होते म्हणे. माहेरी परतायला जागा नसलेली बाई नाही कशी म्हणणार?

म्हणून मला पहिलीच्या सहीचा राग येतो. पंडितांनी शास्त्र काढले, वकिलांनी पळवाट काढली, आणि शेवटी जबाबदारी तिच्या सहीवर ढकलली. धर्म बदलून दुसरे लग्न करण्याची नवऱ्यांची वाट सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सरला मुद्गल खटल्यात बंद केली. अशा स्टॅम्पपेपरलाही कायद्यात काडीची किंमत नाही, हे तू जाणतेस. तिला मात्र ते कोणी सांगितलेले नाही. कोर्टातल्या पुढच्या तारखेआधी तिला जवळ बसवून तो कागद वाचून दाखव, आणि सही केली म्हणून तिचा हक्क गेलेला नाही, हे तिच्या सासरच्यांसमोर मोठ्याने सांग.

तुझी,
आत्या