पवनेपासून थेऊरपर्यंत

कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या चिंचवडात, पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे. येथून निघालेली पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. पुण्यात मुळा-मुठेचा संगम होतो आणि ते पाणी पुढे थेऊरला पोहोचते. थेऊरचे चिंतामणी मंदिरही चिंचवड देवस्थानाच्याच व्यवस्थेत आहे. त्यामुळे चिंचवडच्या भाविकाला ही वाट परकी नाही.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. ती वाचून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना थेऊर केवळ अष्टविनायकांतील एक स्थान राहत नाही. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवेपद स्वीकारलेले माधवराव क्षयाने खंगत येथेच १८ नोव्हेंबर १७७२ रोजी निवर्तले. वय अवघे २७. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या.

नदीकाठचे रमाबाईंचे स्मारक पाहताना वाचकाचा कंठ दाटून येतो. मोहिमांनी आणि राज्यकारभाराने हिरावलेला सहवास, मग दुर्धर आजार, हे दुःख खरेच आहे. तथापि अश्रू पुसल्यावर एक विचार मनात यावा. त्या काळी जे पुण्य मानले गेले, ती एका तरुण स्त्रीच्या जिवाची आहुती होती. १८२९ मध्ये बंगालात आणि लवकरच मुंबई इलाख्यातही ही चाल कायद्याने बंद झाली.

थेऊरला लेकीबाळींसह जाणाऱ्यांनी ही कथा अवश्य सांगावी. मात्र रमाबाईंची प्रीती आणि त्यांची चिता या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात. पहिलीपुढे मस्तक नमवावे. दुसरीपुढे केवळ हळहळावे.