कावेरीच्या खोऱ्यातली भोसल्यांची नावे

तंजावर,
कार्तिक अमावास्या

ती. आत्यास,


तुझे पत्र पोचले. आतेभावाने तुला न्यू यॉर्क राज्यातल्या सेनेका तळ्यावर नेले, आणि तिथली पाटी वाचताना तुला तंजावर आठवले. तिथल्या मूळ रहिवासी सेनेका लोकांचे नाव तळ्याला, ओढ्यांना, गावांना आहे, तसे आपल्या माणसांचे नाव इकडच्या पाण्याला आणि गावांना कुठे लागले आहे का, असे तू विचारतेस. उत्तर दोन ओळींत मावणारे नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी सेनेकांविषयी. ते स्वतःला ओनोंदोवागा म्हणवतात. सेनेका हे नाव बाहेरच्यांनी रुळवले. ६१ किलोमीटर लांब आणि १८८ मीटर खोल असे ते तळे त्यांच्याच मुलखात होते. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने जनरल सलिव्हनची फौज त्या मुलखात शिरली आणि सेनेका ज्यांत मोडतात त्या इरोक्वाय लोकांची चाळीसहून अधिक गावे, उभा मका, फळबागा तिने जाळून टाकल्या. १७९४ च्या कॅनंडैग्वा तहाने उरल्यासुरल्या जमिनीची हमी मिळाली. ती हमी असतानाही १९६५ मध्ये पुऱ्या झालेल्या किन्झुआ धरणाखाली त्यांची सुमारे दहा हजार एकर जमीन गेली आणि सहाशेच्या आसपास माणसे घरांतून उठली. म्हणजे माणसांना हटवले आणि त्यांचे नाव मात्र पाण्यावर राहू दिले. पाटी वाचणाऱ्याने हा इतिहास विसरू नये असे मनापासून वाटते.

तंजावरची गोष्ट याहून अगदी वेगळी आहे. इथे नाव आले ते राज्यकर्त्यांचे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजे आपले व्यंकोजी, १६७६ च्या सुमारास इथे गादीवर बसले आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले तेव्हा ही गादी संपली. जवळजवळ एकशेऐंशी वर्षांचा हा काळ. एवढ्या काळात भोसल्यांनी कावेरीच्या एकाही मोठ्या फाट्याला आपले नाव दिले नाही. कल्लणै धरणापाशी कावेरीचे फाटे फुटतात. कोळ्ळिडम उत्तरेला, वेण्णार दक्षिणेला, पुढे कुडमुरुट्टी, वेट्टार, अरसलार. ही सारी नावे त्यांच्या आधीची आणि त्यांच्या नंतरचीही. भोसल्यांची नावे गेली ती नदीकाठच्या अग्रहाराला, वाटसरूंच्या अन्नछत्राला, बंदराला, सरदाराच्या आळीला. आणि त्यांतली कितीतरी नावे बायकांची आहेत. सातारा-पुण्याकडे बसून हे आपल्या लक्षात येत नाही.

नीडामंगलमपासून सुरुवात करू. हे गाव तंजावरच्या पूर्वेला, तिरुवारूरच्या वाटेवर, रेल्वेचे जंक्शन. गावाजवळ वेण्णारला तीन तोंडे फुटतात: एक पामणियार, एक कोरैयार आणि तिसरी वेण्णार स्वतः. लोक या जागेला मूनारु तलैप्पु म्हणतात, म्हणजे तीन नद्यांचे तोंड. दरवाजे वरखाली करून कोणत्या शेताला किती पाणी हे इथे ठरते. दक्षिणेकडच्या खालच्या टोकापर्यंतची भातशेती या दरवाजांकडे डोळे लावून असते. अशा मोक्याच्या गावी प्रतापसिंह महाराजांनी (राज्यकाल १७३९ ते १७६३) आपल्या राणीच्या, यमुनांबेच्या, नावाने छत्र बांधले आणि गाव यमुनांबाळपुरम झाले. राजाराणीला मूल नव्हते म्हणून संतानरामाचे देऊळ उभे राहिले, असे इथे सांगतात. कावेरीच्या मुलखात यमुनेचे नाव घेऊन बसलेले हे गाव, पण रोजच्या बोलण्यात जुने नीडामंगलमच टिकले. यमुनांबा आता छत्राच्या आणि देवळाच्या संदर्भात भेटते.

ओरत्तनाडूचेही तसेच. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या मुक्तांबेच्या नावाचे छत्र इथे १८०२ मध्ये उभे राहिले आणि गावाला मुक्तांबाळपुरम म्हणू लागले. तिच्याशी राजाचे रीतसर लग्न झालेले नव्हते. मरताना तिने आपल्या नावाने एक छत्र असावे एवढेच मागितले, असे सांगतात. इमारत पाहण्यासारखी आहे. दर्शनी जोते रथासारखे घडवले आहे; दगडी चाके, ओढणारे घोडे आणि हत्ती. आत लाकडी खांबांची लांब ओसरी. पुढे इथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह आले आणि छत्राच्या जमिनींचा कारभार सरकारकडे गेला.

हे छत्र इथेच का, हे मात्र आजच्या हिरव्या शेतांकडे पाहून कळत नाही. ओरत्तनाडू ते पट्टुक्कोट्टै हा उंचवट्याचा, कोरडा पट्टा. कावेरीचे पाणी इथवर चढत नसे. मेट्टूर धरणाबरोबर १९३४ मध्ये कल्लणै कालवा तयार झाला, तो तंजावरच्या मोठ्या देवळाला लागून वाहत इथे आला, तेव्हा इथे भात पिकू लागले. लोक अजून त्याला पुदु आरु, नवी नदी, म्हणतात. सरफोजींच्या दिवसांत रामेश्वरला जाणारा यात्रेकरू कावेरीची सावली सोडून या कोरड्या रस्त्याला लागे. पुढे समुद्रकाठाने मणमेल्कुडी, मीमिसल करत जायचे. छत्रांची साखळी त्या वाटेवर होती. नदीकाठी माणूस कसाही निभावतो. ज्या वाटेवर पाणी नाही तिथे राजाने पाणी आणि भात ठेवला. मुक्तांबेचे नाव अशा जागी लागले याचे फार मोल वाटते.

या छत्रांत काय चाले हे सरफोजींच्याच तोंडून कळते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, राजाकडे किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरला. छत्रांच्या जमिनीही हातच्या जातील ही धास्ती होती. १८०१ च्या जानेवारीत त्यांनी रेसिडेंट टॉरिनला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात सांगितले आहे की ब्राह्मणापासून परयापर्यंत सगळ्या जातींच्या वाटसरूंना शिजवलेला भात मिळतो. ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना शिधा. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर यावे, अशी हाक देतात. आजारी पडलेल्याला वैद्य आणि पथ्याचे जेवण, बाळंतिणीला सांभाळ, अनाथ पोरांना शाळामास्तर. तंजावरला धर्मराज्य म्हणतात आणि आपल्या हुद्द्यातला तोच मोठा मान, असे राजाने लिहिले आहे. सत्ता गेलेल्या माणसाने काय वाचवायला धडपड करावी, तर ही मध्यरात्रीची घंटा! तंजावरच्या साऱ्या इतिहासात इतका थोर कागद दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता आजच्या तिथीला जोडलेली जागा. कुंभकोणमजवळ कावेरीकाठी तिरुविशनल्लूर आहे. दुसऱ्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना इनाम दिले आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम ठेवले. त्यांत रामभद्र दीक्षितांसारखे पंडित होते, आणि याच गावात श्रीधर वेंकटेश अय्यावाळ राहत. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दारात एक भुकेला अंत्यज आला. अय्यावाळांनी श्राद्धाचा स्वयंपाक त्याला वाढला. गाव बिघडले. गंगास्नान करून आल्याशिवाय शुद्धी नाही, असा निर्णय झाला. काशी कुठे आणि कावेरी कुठे! अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि घरामागच्या आडाला गंगा आली, पाणी काठ सोडून रस्त्यावर वाहू लागले, अशी श्रद्धा आहे. दर कार्तिक अमावास्येला पहाटेपासून लोक रांग लावतात, आडातून पोहरे वर येतात आणि एकेकाच्या डोक्यावर रिते होतात. नंतर ओल्या कपड्यांनीच माणसे गल्लीतून कावेरीकडे जातात. शहाजीराजपुरम हे नाव आता कोणी फारसे घेत नाही, पण राजाने इनाम दिलेल्या गावाचा हा आड दरवर्षी माणसांनी भरतो.

शहरातली नावे भराभर सांगतो. तंजावरात मानोजीअप्पा वीदी आहे आणि शहराला लागून मानोजीपट्टी. हा प्रतापसिंहांचा सेनापती मानोजी; १७५२ मध्ये त्रिचनापल्लीच्या लढाईत चंदासाहेब त्याच्याच हाती सापडला आणि मारला गेला. कुंभकोणमला डबीर आळी आहे. तंजावर शहराच्या पाण्याची जुनी सोय भोसल्यांच्या आधीच्या नायक राजांची: सेवप्पा नायकाच्या तलावाचे पाणी जलसूत्रात गाळ सोडून, भाजलेल्या मातीच्या नळांतून शिवगंगा तळ्यात येई आणि तिथून वाड्याकडे, विहिरींकडे. भोसल्यांनी ती सोय चालू ठेवली. मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये मराठीत कोरलेले भोसले वंशाचे चरित्र आहे. तू आलीस की ओळीला बोट लावून वाचता येईल.

शेवटी समुद्र. तंजावरहून पासष्टेक किलोमीटरवर, पट्टुक्कोट्टैच्या पुढे, मल्लिपट्टिनमजवळ सरफोजींनी १८१४ मध्ये मनोरा उभारला. षट्कोनी, आठ मजली, भोवती तट आणि खंदक. गावाचे नाव शरभेंद्रराजपट्टिनम, आणि ते आजही चालू आहे. पुष्कळ पुस्तकांत हा मनोरा वॉटर्लूच्या विजयाचा म्हणून सांगतात. वॉटर्लू १८१५ चे. शिलालेखावर नेपोलियनचा पाडाव आणि १८१४ हे साल आहे, म्हणजे त्याने पहिल्यांदा गादी सोडली ते वर्ष. कंपनीने राज्य घेतल्यावर इंग्रजांच्याच विजयाचा स्तंभ बांधावा लागला, हे वाचताना जीव तुटतो. पण त्याच राजाने किनाऱ्याला बुरूजही दिला आणि वस्तीही. २००४ च्या त्सुनामीत मनोऱ्याला तडे गेले, नंतर दुरुस्ती झाली.

मनोऱ्यासमोरच्या पाल्कच्या उपसागरात ड्युगाँग हे समुद्रगवत खाऊन जगणारे प्राणी आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात तमिळनाडू सरकारने तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर पाणी त्यांच्यासाठी राखीव केले. देशातले असे पहिलेच क्षेत्र. जाळ्यात सापडलेला ड्युगाँग जिवंत सोडणाऱ्या कोळ्यांचा इथे सत्कार होतो.

आतेभाऊ सुट्टीत येईल तेव्हा दोघे मिळूनच या. ओरत्तनाडू आणि मनोरा एका दिवसात होतात, नीडामंगलम आणि तिरुविशनल्लूर दुसऱ्या दिवशी. एप्रिल-मे मात्र टाळा, ऊन सोसवत नाही. घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

कळावे,
तुझा भाचा