करपलेली कड

सोलापुरात कॅलेथिया जगवणं अवघड नाही. त्याच्या पानांच्या कडा शाबूत ठेवणं अवघड आहे. यंदा गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना सुटला, पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी खाली येईना आणि माझ्या मकोयाना जातीच्या कॅलेथियाच्या पानांना पुन्हा तपकिरी किनार धरली. आधी टोक पिवळं पडतं, मग कागद जळत जावा तशी रेघ कडेकडेनं आत सरकते.

शेजारची मुलगी तिची कुंडी घेऊन आली. "काकू, पाणी कमी पडतंय का ओ?" सगळे हेच विचारतात. हवा कोरडी असते हे खरंच. मे महिन्यात दुपारी खोलीतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते आणि हे झाड ब्राझीलच्या जंगलातल्या ओल्या सावलीतलं. पण कूलरच्या दमट खोलीत, झोतापासून लांब ठेवलेल्या कुंडीतही कडा करपतात. म्हणजे दोष नुसत्या हवेचा नाही, पाण्याचाही आहे. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, ते आधी माणसांना. झाडांच्या वाट्याला काळ्या कातळातलं बोअरचं पाणी, कुंडीला पांढरा थर आणणारं. पानातून पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि नेमके टोकाला, कडेला साठतात. कूलरच्या टाकीतलं पाणी त्याहून वाईट, आरओचं टाकाऊ पाणीही तसंच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं. आता मी तेच बादलीत धरते.

फवाऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. फवारा बघता बघता वाळतो आणि पानावर क्षारांचे ठिपके ठेवून जातो. त्याहून राग येतो तो पॉलिहाऊसमधली रोपं चकाकीचा फवारा मारून विकणाऱ्यांचा. रोप घरी आलं की मान टाकतं आणि गिऱ्हाईक स्वतःच्या हाताला दोष देत बसतं.

पाहुणे यायचे असले की मी नखकात्रीनं कडा कातरते. पानाचा मूळ आकार राखून, केसभर तपकिरी तशीच सोडून. हिरव्याला कात्री लागली तर कापलेली जागा पुन्हा करपते. कातरलेलं पान कुणाला ओळखू येत नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. स्तुती ऐकायला मी त्या कुंडीजवळच बसते.

त्या मुलीला सांगितलं तेच इथे सांगते. पावसाचं पाणी साठवता येत असेल तरच सोलापुरात कॅलेथिया आणा. नसेल तर मनी प्लांट लावा. त्यात कमीपणा काहीच नाही.