हौसेचे त्रैराशिक

आमच्या घराण्यात वेगाशी कोणाचा संबंध आल्याचे ऐकिवात नाही. वडील आयुष्यभर सायकलवरून कचेरीत गेले आणि उतार लागला की खाली उतरून चालत. मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या तासाला घड्याळसुद्धा रेंगाळते, असे विद्यार्थी म्हणतात. अशा घरात ताईच्या मुलाने मोटारींच्या शर्यतींत उतरावे, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

भाचा तिशीचा आहे. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करतो. घरखर्च भागवून जे उरते ते टायर, पेट्रोल आणि प्रवेश फी यांत घालवतो. शर्यतीच्या जगात अशा माणसाला 'हौशी' म्हणतात. 'हौसेला मोल नसते' ही म्हण मी वर्गात कितीदा तरी समजावून दिली असेल. तिचा खरा अर्थ मात्र मला गेल्या जानेवारीत, मद्रासच्या वाटेवर समजला. (चेन्नई हे नाव १९९६ पासून रूढ झाले, तरी आमच्या पिढीच्या तोंडी मद्रासच येते.)

झाले असे, की एका रात्री ताईचा फोन आला.

"तो शर्यतीची जुनी गाडी विकत घ्यायची म्हणतोय. त्यासाठी साताऱ्याची जागा विकायची. कागद माझ्यापुढे आणून ठेवलाय."

साताऱ्याची जागा मेहुण्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. तिच्यावर घर बांधायचे त्यांच्या मनात होते. ते राहून गेले आणि मेहुणेही गेले. मी म्हणालो, "ताई, मी त्याला समजावतो."

"समजाव. पण आधी मला ती शर्यत दाखव. बघितल्याशिवाय सही नाही, आणि बघितल्याशिवाय नकारही नाही."

ताईने तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. नुसते उत्तर बरोबर आले म्हणून तिने कधी पूर्ण गुण दिले नाहीत, रीत पाहिली.

पुण्याहून आम्ही तिघे निघालो. सोलापूर, वाडी, गुंटकल अशी ती लांबलचक वाट. ताईने दशम्या आणि दाण्याची चटणी बरोबर घेतली होती. मी मनात एक व्याख्यान जुळवून ठेवले होते, पण सोलापूर जाताच भाचाच बोलू लागला. इतकी वर्षे आईपासून जे चोरून ठेवले, ते त्याने त्या एका रात्रीत सांगून टाकले.

सुरुवात मोटारसायकलने झाली. पुण्याजवळच्या मुरमाड माळावर मातीचे उंचवटे रचलेले असत. त्यांवरून उडी मारायची आणि सावरायचे. तिथे तो काय शिकला? "पडायला," तो म्हणाला. जिन्यावरून घसरून खांद्याजवळचे हाड मोडले, असे जे त्याने घरी सांगितले होते, तो जिना हाच. ताई काही बोलली नाही. तिने फक्त चटणीचा डबा मिटला.

मग नाशिकच्या बाजूला रॅली. तिथे तो स्वतः गाडी चालवीत नसे. डावीकडे बसून वही वाचीत असे. शर्यतीच्या आधी तो रस्ता सावकाश पाहून प्रत्येक वळणाची तीव्रता, खड्डा, चढ हे सारे खुणांनी टिपून ठेवायचे आणि शर्यतीत चालकाला वाचून दाखवायचे. समोरचे वळण दिसण्याआधी चालकाच्या कानांत ते वळलेले असते. वाचनाला इतके महत्त्व देणारा खेळ मला प्रथमच भेटत होता! एक शब्द उशिरा उच्चारला तर गाडी ओढ्यात. माझ्या वर्गात एक शब्द उशिरा उच्चारल्याने आजवर काही बिघडलेले नाही. आणि गंमत अशी, की वेगाचे टप्पे बंद रस्त्यावर असतात. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना मात्र हीच मंडळी सिग्नल पाळीत, बैलगाडीमागून निमूटपणे जातात.

तिसरा मुक्काम कोइम्बतूर. शहराबाहेर चेट्टिपाळयम येथे जेमतेम दोन किलोमीटरांचा 'करी मोटर स्पीडवे' आहे. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते एस. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांनी घरगुती मारुतीचे ७९६ सीसीचे इंजिन घालून एका आसनाची शर्यतीची गाडी बनवली. परदेशी गाडी ज्याला स्वप्नातही परवडली नसती, त्याच्यासाठी तिने दार उघडले. त्या गावचाच नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. भाडोत्री गाडीतून भाचा तिथे वर्षभर फिरला. तेच वळण शंभरदा घ्यायचे आणि दर खेपेस वीतभर सुधारायचे.

"बक्षीस किती ठिकाणी मिळालं?" ताईने विचारले.

"एकदा तिसरा आलो."

"किती जणांत?"

"पाच." मग घाईघाईने म्हणाला, "आई, इंडियानापोलिसला कार्तिकेयन चौथा आला तेव्हा टायरच्या भानगडीमुळे सहाच गाड्या धावल्या होत्या. त्याचे गुण कुणी परत घेतले नाहीत!"

ताई हसली. दोन दिवसांत प्रथमच.

इरुंगाट्टुकोट्टै हे ठिकाण मद्रासच्या पश्चिमेला, बंगळूरच्या रस्त्यावर, सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान श्रीपेरुंबुदूर तिथून जवळच. आजूबाजूला कारखाने, मधूनच ताडाची झाडे, आणि त्यांत १९९० साली सुरू झालेला हा ३.७ किलोमीटरांचा, बारा वळणांचा मार्ग. मी कल्पना केली होती ती रोषणाईची आणि जल्लोषाची. प्रत्यक्षात पाहिले ते एखाद्या लग्नघराच्या मागच्या अंगणासारखे होते. कोणी चाक बदलतो आहे, कोणी पत्रा ठोकतो आहे, कोणाचे वडील उन्हात छत्री धरून उभे आहेत. जळलेल्या रबराचा वास आणि फिल्टर कॉफीचा वास एकमेकांत मिसळले होते.

भाच्याने अंगात आग न धरणारा पोशाख चढवला, आसनाचे पट्टे आवळून घेतले आणि आमच्याकडे न पाहताच गेला. ताईने माझे मनगट धरले, ते शर्यत संपेपर्यंत सोडले नाही.

पाचव्या फेरीत त्याच्या पुढची गाडी एका वळणावर गरकन फिरली आणि कडेच्या मातीत जाऊन थांबली. धूळ उडाली. मार्शलने पिवळे निशाण हलवले. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका. वेग कमी करायचा आणि कोणाला ओलांडायचे नाही. भाच्याच्या पुढची दुसरी गाडी गांगरून बाजूला सरकली होती. वाट मोकळी होती. आम्हांला वरून दिसत होते, त्यालाही दिसतच असणार. त्याने पाय उचलला आणि तो मागेच राहिला. निशाण गेल्यावर ती गाडी सावरून निघून गेली आणि मागून आणखी एक याला ओलांडून गेली. तो अकरावा आला.

मातीत गेलेला मुलगा चालत परत आला तेव्हा छत्रीवाल्या वडिलांनी त्याला काही न बोलता पाण्याची बाटली दिली. ताई त्या दोघांकडे बराच वेळ पाहत होती.

संध्याकाळी ती भाच्याला म्हणाली, "पाय उचललास ते मी पाहिलं. आता हिशेब सांग. गाडी आपली झाल्यावर वर्षाचा खर्च किती?"

त्याने सांगितले. टायर, इंजिनाची दुरुस्ती, ट्रकने गाडी आणणे-नेणे, मेकॅनिक, फी. ताईने तिकिटाच्या पाठीवर त्रैराशिक मांडले. जागेच्या किमतीतून गाडीची किंमत वजा जाता उरलेले पैसे अडीच वर्षे पुरत होते.

"रीत बरोबर आहे ना?" तिने विचारले. "मग अडीच वर्षांनी काय विकायचं, तेवढं सांग. सही करते."

तो काही बोलला नाही. माझे व्याख्यान खिशातच राहिले.

दुसऱ्या दिवशी तो आम्हांला शोलावरमला घेऊन गेला. मद्रासच्या उत्तरेला, कलकत्त्याच्या रस्त्यावर हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात बांधलेली इथली धावपट्टी पुढे रिकामी पडली आणि १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिच्यावर शर्यती भरवल्या. इरुंगाट्टुकोट्टैचा मार्ग होईपर्यंत भारतातल्या शर्यतींची पंढरी हीच होती. इथे गोंडलचे महाराज धावले, विजय मल्ल्या फॉर्म्युला वनची जुनी एन्साइन गाडी घेऊन धावले, आणि घरच्या फियाट, हेरल्ड सोलून-तासून आणलेले साधे नोकरदारही धावले.

आम्ही तळ्याच्या बांधावर उभे राहिलो. पाण्यावर बगळे होते. एवढ्या आवाजाचा तिथे मागमूस नव्हता.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "ज्यांच्याकडे खूप होतं त्यांची नावं राहिली. बाकीच्यांची नाहीत. पण फियाटवाले काही नाव राहावं म्हणून आले नसतील."

मग आईकडे वळून म्हणाला, "अडीच वर्षांनी विकायला काही नाही, आई. कागद फाडून टाक. वर्षातून एकदा भाड्याची गाडी घेईन. तेवढं माझ्या पगारात बसतं."

ताईने कागद फाडला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला. "मागची बाजू कोरी आहे," ती म्हणाली, "हिशेबाला होईल."

ती खरोखरच झाली. शर्यतीचा आणखी एक प्रकार असतो, हे मला परतीच्या गाडीत कळले. त्यात वेगाला बक्षीस नाही. उघड्या रस्त्यावर, कायद्याच्या मर्यादेत, ठरवून दिलेली सरासरी सांभाळून प्रत्येक नाक्यावर नेमक्या वेळी पोचायचे. उशिरा पोचलात तर दंड, आणि लवकर पोचलात तर बहुधा त्याहून अधिक. चालकाशेजारी बसून अंतर, वेळ आणि वेग यांचे गणित मांडणारा माणूस तिथे फार महत्त्वाचा.

या पावसाळ्यात त्या दोघांनी साताऱ्याच्या बाजूच्या अशाच एका स्पर्धेत भाग घेतला. चाळीस गाड्यांत सातवा क्रमांक. वाटेत त्यांना मेहुण्यांची जागा लागली. गवत कमरेएवढे वाढले होते म्हणे. हाताशी दोन मिनिटे जास्त होती, म्हणून ताईने गाडी तिथे थांबवायला सांगितली आणि दोन मिनिटे पुरी होताच म्हणाली, "चल, आता नीघ."