शिडी

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोलाच्या तासाला मी हे वाक्य फळ्यावर लिहिलं. शिखर मात्र पाहिलं नव्हतं. याचं खरं कारण मला साठाव्या वर्षापर्यंत कुणालाच सांगता आलं नाही.

१९८७ ची गोष्ट. माझी पहिली नेमणूक अकोले तालुक्यातली. शाळेची खिडकी उघडली की समोर डोंगराची रांग. नवरात्रात माझे विद्यार्थी अनवाणी पायांनी वर जत्रेला जाऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगायचे. एकदा आम्ही सहा-सात तरुण शिक्षक बारी गावातून निघालो. शेतं संपली, चढ सुरू झाला, तोपर्यंत ठीक होतं. मग पहिला उभा कातळ आला. तिथं चढायला त्या काळी काय सोय होती हे मला आज सांगता येणार नाही, कारण मी मान वर करून पाहिलंच नाही. मागं वळून दरी पाहिली एवढंच. गुडघ्यांतली ताकद गेली, तळहातांना घाम सुटला. "पाय मुरगळला" म्हणून मी खाली बसलो. सगळे वर जाऊन आले. उतरताना दोघांनी मला आधार दिला आणि मी गावापर्यंत लंगडत आलो. लंगडायचं कोणत्या पायानं, हे दोनदा विसरलो होतो.

इथवर सगळं माझ्यापुरतंच होतं. खोटं एकट्याचं असतं तोवर फारसं जड वाटत नाही.

२००९ मध्ये लेक नववीत होती. शाळेची सहल कळसूबाईला जाणार होती. पालकांच्या सहीची चिठ्ठी घेऊन ती आली. चेहरा असा फुललेला, की आजही डोळ्यांसमोर आहे. मी चिठ्ठी वाचली आणि त्याच क्षणी तो कातळ, ती दरी समोर आली. ही तिथं लटकलेली, हे चित्र काही केल्या हलेना. पण "बेटा, मला भीती वाटते" एवढे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. मी म्हणालो, "आपल्या मुली असं डोंगरदऱ्यांत फिरत नाहीत. दीनमध्ये हे बसत नाही. मोहल्ल्यात काय म्हणतील?"

ती काही बोलली नाही. चिठ्ठी घडी करून दप्तरात ठेवली. तिच्या अम्मीनं रात्री विचारलं, "दीनमें ऐसा किधर है जी?" मी कूस बदलून झोपेचं सोंग घेतलं. मोहल्ल्यात तर कुणी काहीच म्हणालं नव्हतं. म्हणायची वेळच मी येऊ दिली नाही.

२०१९ मध्ये आम्ही दोघं हजला गेलो. एक दिवस जबल-ए-नूरला नेलं. वर गार-ए-हिरा. तिथं चढणं हजच्या अर्कानांत येत नाही, हे मी सोबतच्या मंडळींना इतक्या तपशिलानं समजावून सांगितलं, की दोघं-तिघं माझ्या ज्ञानावर खूश झाले. बायको बायकांच्या घोळक्याबरोबर वर जाऊन आली. मी पायथ्याशी बसून सगळ्यांच्या चपलांच्या पिशव्या सांभाळल्या.

लेक नोकरीला पुण्यात गेली आणि तिथल्या मैत्रिणींबरोबर डोंगर चढू लागली. आधी मला कळू दिलं नाही, मग कळू दिलं. डिसेंबर २०२३ मध्ये ती घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, कळसूबाईला चलता का? बुधवारी गर्दी नसते." मी गुडघ्यांचं कारण काढलं. ती म्हणाली, "डॉक्टरांना मी विचारलंय." मग जरा थांबून म्हणाली, "हजरत खदीजा जेवण घेऊन हिराला चढून जायच्या, असं तुम्हीच सांगायचात ना? तेव्हा त्यांचं वय काय होतं?"

फजर पढून आम्ही संगमनेर सोडलं. अकोले, राजूर, मग शेंडी आणि बारी. गावातून आठशे मीटरच्या आसपास चढायचं. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती. थंडी बरी होती. वाटेत एका झोपडीवजा टपरीत म्हातारी लिंबू सरबत विकत होती. मला न्याहाळून म्हणाली, "गुरुजी का तुम्ही? माझा थोरला तुमच्या हाताखाली शिकला." मग न विचारताच तिनं देवीची गोष्ट सांगितली. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, ही तिची अट. एक दिवस ते काम लावलं, तसं ती घर सोडून डोंगरावर निघून गेली ती गेलीच. "पोरगी मनाची होती," म्हातारी म्हणाली. लेक हसली. मी सरबताचा पेला बराच वेळ पीत बसलो.

मग शिडी आली. लोखंडी, गंजलेल्या रंगाची, कातळाला टेकवून पक्की केलेली. पाय जागेवर थिजले. तोंडात वाक्य तयार होतं, "तू जाऊन ये, मी बसतो इथं." छत्तीस वर्षांपूर्वीचंच ते, फक्त या वेळी मुरगळलेल्या पायाऐवजी गुडघे.

"बेटा," मी म्हणालो, "मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून."

ती आश्चर्य करील असं वाटलं होतं. तिनं पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि शाळेतल्या बाईंसारखी सांगू लागली. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकी तीन जागच्या जागी. दरीकडे नाही, नाकासमोरच्या दांड्याकडे बघायचं. जवळची वस्तू डोळ्यांना मिळाली नाही की शरीराला तोल समजत नाही, म्हणून गरगरतं. "यात ईमान कमी-जास्त होत नाही, अब्बा."

मी चढलो. कसा, ते सांगण्यासारखं नाही. बहुतेक डोळे मिटूनच. एकूण शिड्या किती, तेही मोजलं नाही. प्रत्येकीपाशी 'ही शेवटची' असं ती म्हणायची आणि मी विश्वास ठेवायचो.

वर छोटंसं मंदिर, वारा, आणि सगळीकडे उघडं आकाश. ती बोट दाखवून नावं सांगत होती: अलंग, मदन, कुलंग, तिकडे रतनगड, खाली १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी. ही नावं मला पाठ होती. ती एकमेकांना इतकी चिकटून उभी असतील, हे नकाशावर कधी कळलं नव्हतं. थोडं खाली सपाटीवर आम्ही जोहर अदा केली. सजद्यात कपाळाला खडा टोचला तो खालपर्यंत दुखत होता.

उतरणं जास्त अवघड. ती माझ्या खाली उतरत होती आणि माझं पाऊल हातानं धरून दांड्यावर ठेवत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुधा मला बोलता आलं.

"नववीतली ती चिठ्ठी. दीनचं काही नव्हतं त्यात. मीच घाबरलो होतो."

हात पावलावर तसाच राहिला. शिडी संपली, पुढची संपली, तरी ती गप्प. टपरी बंद झाली होती. तिथं बाकड्यावर बसल्यावर म्हणाली, "मला ते खरंच वाटलं होतं, अब्बा. अकरावीत माझ्या मैत्रिणीचं नाव एनसीसीच्या पहाडी कॅम्पसाठी आलं होतं. तिच्या घरचे तयार होते. मीच तिला म्हणाले, हे आपल्यात चालत नाही, माझे अब्बा शिक्षक आहेत, त्यांनी सांगितलंय. तिनं नाव मागं घेतलं."

हे मला माहीत नव्हतं. आणि कळलं नसतं तर बरं, असंही क्षणभर वाटलं.

"ती आता कुठं असते?"

"सिन्नरला. दोन मुली आहेत तिला." तिनं मोबाईल पुढं केला. "नंबर आहे. मी काय सांगू तिला? तुम्हीच बोला."

बारीत रेंज मिळेना. राजूरला येईपर्यंत अंधार पडला होता. स्टँडजवळ तिनं गाडी थांबवली, आणि मी नंबर लावला.