टीसी आणायला कॉलेजात गेलो होतो

काल पुतणीची टीसी आणायला तालुक्याच्या कॉलेजात गेलो. माझंही तेच कॉलेज. काम दहा मिनिटांचं, पण साहेबांची सही व्हायला दुपारचे साडेतीन वाजले. तेवढ्या वेळात जे दिसलं ते सांगतो.

सकाळी साडेसातला मैदानावर चाळीसेक पोरं-पोरी पळत होती. मला वाटलं, स्पर्धा असेल. तर नाही, पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मैदानी ५० गुणांची, लेखी १०० ची. एक टोपीवाले काका कडेला मोबाइलवर वेळ लावून उभे. लेक पळत होती. ती इथंच एस.वाय.ला. आठला तिचं लेक्चर होतं, पण ती गेली नाही आणि काकांनीही जा म्हटलं नाही.

मी विचारलं, "काका, शिपाईपदाला बारावी पुरते ना? मग हे कॉलेज कशाला?"

काका म्हणाले, "भाऊबंद स्थळं घेऊन येत्यात. पोरगी कॉलेजला हाय म्हटलं की गप बसत्यात."

मला पुढं काही बोलता आलं नाही.

वरच्या मजल्यावर एका वर्गात सर मान्सून शिकवत होते. फळ्यावर नकाशा, आवाज खणखणीत. समोर मोजून सात मुलं. तास संपल्यावर सर धावतच पार्किंगमध्ये आले, डोक्यात हेल्मेट. सेट पास, पीएचडी झालेली, पण नोकरी तासिका तत्त्वावर. "अकराला दुसऱ्या कॉलेजात तास आहे, बावीस किलोमीटर जायचंय," म्हणाले. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत. तेही कधी वेळेवर येत नाहीत. "सात असोत नाहीतर सत्तर, मी शिकवतो," एवढं बोलून गाडीला किक मारली.

दुपारी लायब्ररीकडे गेलो तर दारात चपलांचा ढीग. आत जागा नाही म्हणून पोरं जिन्यात बसलेली, मांडीवर चालू घडामोडींची पुस्तकं. त्यातली निम्मी या कॉलेजची आता विद्यार्थीच नाहीत. एक जण पदवी घेऊन सात वर्षं झालेला. शिपाईमामा त्यांना उठवत नाहीत. "कुठं जातील बिचारी?" म्हणतात. पाचला मात्र कुलूप लागतं.

आपण कट्ट्यावर बसून सहज म्हणतो, हल्लीची पोरं कष्ट करत नाहीत. अहो, त्या कॉलेजात पहाटेपासून सगळेच राबतायत. फक्त वर्गात कोणी नाही. कारण वर्गात बसून पुढं काय मिळणार, याचं उत्तर त्यांना कोणी दिलेलं नाही. जो सात जणांपुढं जीव तोडून शिकवतोय, त्याचीच नोकरी पक्की नाही, हे पोरांना दिसतंच की.

मला वाईट याचं वाटलं की हे सगळं बघून चकित होणारा तिथं मी एकटाच होतो. बाकीच्यांना त्याची सवय झालीय.

सगळं एका दिवसात सुटणार नाही, मान्य. पण लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला काय लागतं? एक माणूस आणि विजेचं बिल. आणि पुढच्या वेळी मत मागायला जो दारात येईल, त्याला एवढंच विचारा : आपल्या कॉलेजात कायम प्राध्यापक किती, आणि रिकाम्या जागा किती?

मी तर विचारणार आहे. तुम्ही?