मुद्दल शाबूत ठेवणारी पेढी

खराडीतील एका व्यापारी कुटुंबातील धाकट्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुचविले. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक, थोरल्याची जुळली. घर आनंदले, आजी मात्र गप्प झाल्या. रात्री त्या थोरल्याला म्हणाल्या, "धाकट्याला वाचवायचंच आहे रे बाळा, पण तुझ्या हाडांतलं सत्त्व कायमचं कमी झालं तर?"

प्रश्न मायेचा होता, तसाच हिशेबाचाही.

कंबर, मणके, छाती यांच्या हाडांतील मज्जेत रक्त घडविणाऱ्या मूळ पेशी असतात. संख्येने त्या थोड्या आणि क्वचितच विभागणाऱ्या. विभाजनानंतर काही कन्यापेशी मूळ पेशी म्हणूनच मागे राहतात, काही पुढच्या वाटेला लागतात. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर संसार चालवावा, तशी ही रीत. वाटेला लागलेल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागून वाढतात आणि टप्प्याटप्प्याने पक्व होतात. तांबडी पेशी हिमोग्लोबिन साठविते, अखेर स्वतःचे केंद्रकही टाकून देते आणि सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहते. निरोगी देहात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी जन्मतात. प्राणवायू कमी पडला, की मूत्रपिंडाकडून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मागणी घेऊन येते.

धाकट्याच्या मज्जेत हीच शिस्त मोडली होती. पेशी विभागत होत्या, पक्व होत नव्हत्या. कामाला न येणाऱ्या मालानेच गोदाम भरले होते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. त्या वेळी मज्जा सुईने कंबरेच्या हाडातून काढीत. आता बहुधा काही दिवस इंजेक्शने देऊन मूळ पेशी रक्तात उतरवितात आणि यंत्राने वेचून घेतात. दात्याच्या मज्जेत शिल्लक राहिलेल्या मूळ पेशी काही आठवड्यांतच ती उणीव भरून काढतात.

थोरल्याने आजींना हे समजावून सांगितले. "म्हणजे मुद्दल मोडत नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

भावाच्या पेशी धाकट्याच्या शिरेतून देहात गेल्या आणि हाडांतील आपली जागा त्यांनी आपणच शोधली. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशींचा आकडा वर सरकला. आजींनी तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवला. खाली थोरल्याच्याही रक्ततपासणीचा आकडा लिहिला. दोन्ही जमेच्या बाजूला होते.